थंडीत पहाटे गाडी धुणे : बोअरचे पाणी, पांढरे डाग आणि धरून बसणारे ब्रेक

केळीबाग (यावल तालुका)

सर्वांना राम राम. आमच्याकडे केळीच्या वाहतुकीसाठी पिकअप आहे. बागेतून घड भरून रस्त्यावर उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकपर्यंत नेण्याचे काम दिवसभर चालते, त्यामुळे संध्याकाळी गाडी घरी येते तेव्हा चाकांच्या आतल्या बाजूला ओली काळी माती थापल्यासारखी बसलेली असते आणि हौद्याच्या कडांवरून केळीचा चीक ओघळून वाळलेला असतो. दिवसा गाडी मोकळी मिळत नाही, म्हणून ती पहाटेच बोअरच्या पाण्याने धुवावी लागते.

सध्या पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली उतरत आहे, म्हणून जाणकारांना काही गोष्टी विचारतो. इतक्या थंडीत गाडीवर पाणी मारल्याने रंगाला किंवा पत्र्याला अपाय होतो का? धुतल्यानंतर काचेवर आणि बोनेटवर पांढरे ठिपके राहतात, ते कशामुळे? आणि ज्या वेळी गाडी रात्री धुऊन हँडब्रेक लावून उभी केली जाते, त्या वेळी सकाळी मागची चाके धरून बसतात आणि गाडी हलवताना जोराचा ‘टक्क’ असा आवाज येतो; त्यात काही धोका आहे का? पाणी तापवून घ्यावे, असे घरातील मंडळी सुचवत आहेत.

रंगशाळा (जळगाव)

भाऊ, माझा गाड्यांच्या रंगकामाचा व्यवसाय आहे, म्हणून रंगापुरते सविस्तर लिहितो. ब्रेकविषयी इथले ट्रकमालक अधिक चांगले सांगतील.

आपल्याकडच्या थंडीने रंगाचे काही बिघडत नाही. जमिनीतून नुकतेच उपसलेले पाणी वर्षभर जवळपास सारख्याच तापमानाचे असते आणि खान्देशात ते २५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडे वरच असते. पहाटे मोटार सुरू केल्यावर धारेवर वाफ दिसते ती याचमुळे. बाहेरची हवा गार असते, पाणी नव्हे. गार असते ते रात्रभर गच्चीवरच्या टाकीत साठून राहिलेले पाणी. तेव्हा पाणी तापवण्याची मुळीच गरज नाही, टाकीऐवजी थेट बोअरच्या नळीचे पाणी घ्यावे म्हणजे झाले.

हिवाळ्यात रंगाचे खरे नुकसान दव करते. म्हणजे दव नव्हे, दवावर फिरवलेले फडके. आपल्याकडे या दिवसांत शेतरस्त्यांची बारीक धूळ सगळीकडे बसते, तिच्यावर पहाटे दव पडते आणि बोनेटवर मातीचा पातळ लेप तयार होतो. आयतेच पाणी मिळाले म्हणून चालक खांद्यावरचे फडके घेऊन सगळी गाडी पुसून काढतो. बोनेटवर एकदा बोट फिरवून ती माती चिमटीत चोळून पाहा, तिची खर लगेच लागेल. ती खर फडक्यात अडकते आणि गोल गोल फिरवताना वरच्या चकचकीत थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटवत जाते. माझ्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पॉलिशसाठी येणाऱ्या गाड्यांवर अशाच रेषा सर्वाधिक असतात. दव पडलेली गाडी एकतर भरपूर पाणी सोडून धुवावी, नाहीतर तशीच वाळू द्यावी. फडके मारू नये. कोंबडीच्या पिसांच्या झाडूनेही तेच होते.

आता पांढऱ्या ठिपक्यांकडे वळतो. तापीच्या पट्ट्यातील बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, म्हणूनच आपल्या घरांतील बादल्यांना आणि गिझरच्या कॉइलला पांढरा थर धरतो. पाणी उडून जाते, क्षार जागेवर राहतात आणि प्रत्येक थेंबाच्या जागी एक कडी उमटते. हिवाळ्यात आपली हवा दुपारकडे फार कोरडी होते आणि ऊन चढले की पत्र्यावरचे पाणी पुसायला हाताला सवड मिळत नाही. याउलट सूर्य उगवण्यापूर्वी धुतलेल्या गाडीवर पाणी बराच वेळ साचून राहते, लोक ती तशीच घेऊन निघतात, वाऱ्याने थेंब वाळतात आणि वर नवी धूळ बसते. त्यामुळे शक्य असेल तर सकाळी ९ ते ११ ही वेळ धरावी, तेव्हा दव सरलेले असते आणि पत्राही तापलेला नसतो. पहाटेच धुणे भाग असेल तर टपापासून खाली असे एकेक भाग धुऊन लगेच पुसत यावे. सगळी गाडी भिजवून मग पुसायला सुरुवात करू नये. पुसण्यासाठी मायक्रोफायबरचे कापड घ्यावे आणि चाकांसाठीचे फडके व बादली वेगळी ठेवावी.

काचेवर जुने डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी एकत्र करून कापडाने लावावे, एक-दोन मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुऊन टाकावे. रंगावर ते अधिक पातळ करूनच वापरावे आणि वाळू देऊ नये. डाग वर्षभर उन्हात भाजले असतील तर क्षार थरात रुतून बसतात आणि मग पॉलिशशिवाय निघत नाहीत.

कपडे धुण्याची पावडर मात्र कृपया वापरू नका. ती क्षारधर्मी असते, रंगावरचे मेण उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करते. थंडीत ती नीट विरघळतही नाही, तिचे कण तसेच घासले जातात. गाडीचा शाम्पू फार महाग नसतो आणि बादलीला थोडासाच पुरतो.

चिकाचे म्हणाल तर त्याला वाळू देऊ नये हाच उपाय आहे. ताजा चीक साध्या पाण्याने निघतो. वाळला की तपकिरी-काळा पडतो आणि पातीने खरवडताना रंगही सोबत घेऊन येतो. संध्याकाळी शेवटची खेप रिकामी झाल्यावर हौद्याच्या कडांवर दोन बादल्या पाणी ओतले तरी पुष्कळ काम होते. वाळलाच असेल तर शाम्पूच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट त्यावर टाकून ठेवावे आणि मऊ झाल्यावर पुसावा.

सहाचाकी (धुळे)

वरच्या उत्तरातील वेळेचा मुद्दा अगदी योग्य आहे. ब्रेकविषयी लिहितो.

ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे गोल भांडे, ओतीव लोखंडाचा असतो. धुतल्यावर त्याच्या आतल्या बाजूस पाणी राहते, रात्रभरात त्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि हँडब्रेक लावलेला असेल तर लायनर, म्हणजे ड्रमवर आतून दाबले जाणारे ब्रेकचे अस्तर, त्या गंजाला चिकटून बसते. सकाळी येणारा आवाज म्हणजे ते सुटल्याचा आवाज. क्वचित झाले तर फारसा अपाय नाही. रोज होऊ लागले तर लायनरचा तुकडा निखळण्याची भीती असते. म्हणून धुतल्यानंतर गाडी लगेच उभी करू नये. रिकाम्या रस्त्यावर हळू चालवत ब्रेकवर पाय हलका दाबून धरावा, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडते. पहिल्या एक-दोन वेळा ब्रेक कमी लागल्यासारखा वाटतो, कारण लायनर आणि ड्रमच्या मध्ये पाणी असते. तेव्हा पुढे माणूस किंवा जनावर नाही याची खात्री करूनच हे करावे. नंतर सपाट जागी गाडी गिअरमध्ये उभी करावी, चाकाला लाकडी ठोकळा लावावा आणि हँडब्रेक सोडून ठेवावा.

ज्यांच्याकडे मोठे ट्रक आहेत त्यांनी दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली ग्रीसची. जोराच्या फवाऱ्याने स्प्रिंगचे पाटे, पाट्यांच्या पिना, किंगपिन (पुढची चाके जिच्यावर वळतात ती पिन) आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये (सांध्यामध्ये) पाणी शिरते. आधी ग्रीस मारून मग धुण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, ती उलटी आहे. धुऊन झाल्यावर ग्रीस मारावे आणि जुने, पाण्याने दुधाळ झालेले ग्रीस सांध्यातून बाहेर येईपर्यंत गन दाबत राहावे. दुसरी गोष्ट एअर टँकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या टाकीची. दिवसा तापलेली दाबाखालची हवा रात्री गार होते आणि तिच्यातील ओलावा टाकीच्या तळाशी साचतो. धुण्यासाठी गाडी उभी केली की खालचा ड्रेन कॉक उघडून ते पाणी काढून टाकावे. पाण्याबरोबर तेलही येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवून घ्यावा आणि एअर ड्रायरचे काडतूस कधी बदलले तेही तपासावे.

१ एप्रिल २०२० नंतरचे बीएस ६ ट्रक धुताना धूर स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या युरिया द्रवाच्या टाकीचे झाकण घट्ट आहे ना हे पाहावे. त्या द्रवात आपले क्षारांचे पाणी गेले तर पुढची सगळी यंत्रणा बिघडते आणि तो खर्च फार मोठा आहे. वायरिंगचे जोड आणि रेडिएटरच्या जाळीवर फवारा जवळून मारू नये, जाळीची पाती वाकतात.

चेसिसवर जळके ऑइल किंवा डिझेल फवारण्याचा आग्रह अजूनही काही वॉशिंग सेंटरवर होतो. त्याने दोन दिवस चेसिस काळी कुळकुळीत दिसते, पण रबरी बुश फुगून मऊ पडतात आणि सगळी धूळ तिथेच धरते. स्पष्ट नकार द्यावा.

केळीबाग (यावल तालुका)

रंगशाळा दादा, सहाचाकी दादा, फार मोलाची माहिती दिलीत. दोन शंका उरल्या. दर्शनी काचेवर दव आणि माती घट्ट बसलेली असते, निदान तिच्यापुरते गरम पाणी चालेल का? आणि घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी आम्ही बादलीत साठवतो, ते गाडीला वापरले तर बोअरचे तेवढे पाणी वाचेल काय?

रंगशाळा (जळगाव)

काचेवर कढत पाणी ओतू नये. गार काच एकाच जागी अचानक तापली की ती असमान प्रसरण पावते, आणि खडी उडून बारीकसा टवका आधीच गेलेला असेल तर त्यातून तडा पुढे सरकतो. बोअरचे पाणी पुरेसे कोमट असते. त्याने माती वाहून जाऊ द्यावी, मगच वायपर चालवावा.

आरओचे वाया जाणारे पाणी बोअरच्या पाण्याहूनही जड असते, कारण गाळलेल्या पाण्यातील क्षारही त्यातच येऊन मिळतात. पाणी वाचवण्याचा आपला विचार चांगला आहे, म्हणून ते चाके, हौदा आणि खालची माती उतरवण्यासाठी अवश्य वापरा. काच आणि रंगावर मात्र शेवटचे पाणी चांगलेच असावे. बादलीभर गोडे पाणी वेगळे ठेवले तर शेवटच्या हातासाठी पुरते.

उत्तरवाट (शिरपूर)

माझी गाडी रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्लीला आणि कधी जम्मूच्या पुढे जाते, म्हणून तिकडच्या खऱ्या गोठवणाऱ्या थंडीविषयी थोडे लिहितो. या भागातील अनेक चालक हिवाळ्यात तिकडे जातात आणि इकडच्या सवयीने गाडी धुतात.

पारा शून्याखाली असेल तेव्हा गाडी धुऊच नये. दाराच्या रबरी पट्टीत राहिलेले पाणी गोठते आणि दार ओढताना पट्टी फाटून हातात येते. कुलुपाच्या छिद्रात बर्फ धरतो, ओला हँडब्रेक जागीच गोठतो. एअर टँकमधले पाणी तर तिकडे रोज काढावेच, कारण व्हॉल्व्हमध्ये बर्फ झाला तर ब्रेकच हाती राहत नाही. निघण्यापूर्वी इथेच दारांच्या पट्ट्या कोरड्या पुसून त्यांना सिलिकॉन किंवा ग्लिसरीनचा हात द्यावा आणि वायपरच्या टाकीतील साधे पाणी काढून न गोठणारा द्रव भरावा.

बर्फ वितळवण्यासाठी जिथे रस्त्यावर मीठ पसरतात तिथून आलेली गाडी मात्र धुण्यास उशीर करू नये. मीठ चेसिसच्या सांध्यांत बसते आणि गाडी उबदार प्रदेशात उतरली की गंज अधिक वेगाने धरतो. पठाणकोटच्या सपाटीवर आल्यावर दुपारच्या उन्हात, वरच्या बॉडीची काळजी न करता, खालून भरपूर पाणी मारून घ्यावे.

पाटाचे पाणी (चोपडा)

गाडीविषयी सर्वांनी लिहिले, धुणाऱ्याविषयी मी लिहितो. पहाटे क्लीनर मुलगा ओल्या फडक्याने हात लाल होईपर्यंत काम करतो. पाणी कोमट असले तरी ओल्या हातांना वारा लागतो, बोटे बधिर होतात, कातडी फुटते आणि भेगांत शाम्पू झोंबतो. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि गमबूट मालकाने घेऊन द्यावेत. वेळ ९ वाजताची ठेवता आली तर सर्वांत उत्तम, आणि तीच वेळ गाडीलाही मानवते असे वर सांगितलेच आहे.

शिवाय गाडी पाटाच्या किंवा नदीच्या पाण्यात उतरवून धुऊ नये. चेसिसचे ग्रीस आणि तेल त्या पाण्यावर पसरते आणि खालच्या बाजूला गुरे तेच पाणी पितात. खडी टाकलेल्या जागी धुवावी, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, म्हणजे चिखलही होत नाही आणि पाण्यावरचा तवंग पिण्याच्या पाण्यापर्यंत जात नाही.