मदत हवी आहे: एलएलडीबीत 'स्टेप इन' रनटाइममध्ये न अडकता थेट मुलांच्या फंक्शनवर कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. त्यांच्यासाठी मराठी कीवर्डची एक छोटी भाषा केली आहे, ती एलएलव्हीएम या कंपायलर-संचामार्फत मशीन कोडमध्ये जाते. डीबगर म्हणून त्याच संचातला एलएलडीबी वापरतो. ब्रेकपॉइंट लागतात, व्हेरिएबल दिसतात. घोडं अडलंय ते स्टेपिंगवर, म्हणजे एकेक ओळ चालवत पुढे जाण्यावर.

मुलांचा प्रोग्राम आडतीच्या हिशेबपट्टीचा: सोयाबीनचे क्विंटल गुणिले दर, वजा हमाली, वजा तोलाई. 'पट्टी'मधून 'कपात'ला कॉल जातो त्या ओळीवर स्टेप इन केलं (म्हणजे कॉल झालेल्या फंक्शनच्या आत शिरायला गेलं) की समोर येतो आमच्या रनटाइममधला, म्हणजे मुलांच्या प्रोग्रामसोबत चालणाऱ्या आमच्या मदतनीस कोडमधला, डिस्पॅचर. प्रत्येक कॉल त्यातूनच जातो. तो नावावरून पत्ता शोधतो आणि तो पत्ता कॉल करतो. फंक्शन म्हणजे काय हे आत्ता कुठे कळू लागलेल्या पोराला तिथं सी++चं हॅश टेबल दिसतं, आणि ते डीबगर बंदच करून टाकतं. हे मला फार लागतं, कारण ओळीओळीने आकडा बदलताना दिसावा एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

स्टेपिंगमध्ये टाळायच्या नावांची जी रेजेक्स (नावाचा नमुना) सेटिंग आहे (मुळात तिच्यात फक्त सी++च्या प्रमाण लायब्ररीची एसटीडी नेमस्पेस असते), तिच्यात रनटाइमची नावं घातली. पण मग एलएलडीबी डिस्पॅचरमधून सरळ स्टेप आउट करतो (बाहेर पडतो) आणि 'कपात' न थांबता चालून जातं. रनटाइमची डीबग माहिती काढली तरी तेच.

ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेच्या मेसेज-सेंडसाठी (तिथला असाच नावावरून पत्ता शोधणारा कॉल) एलएलडीबी खरा पत्ता हुडकून तिथं थांबतो, मला अगदी तसंच हवंय. पण ते सी++ प्लगइन, म्हणजे लॅबच्या प्रत्येक मशीनवर स्वतः बिल्ड केलेला एलएलडीबी टाकणं आलं. म्हणून पायथॉनमध्ये स्क्रिप्टेड थ्रेड प्लॅन (स्टेप कसं टाकायचं ते एलएलडीबीला सांगणारी स्क्रिप्ट) लिहिला: डिस्पॅचरच्या शेवटच्या कॉलपर्यंत जायचं, रजिस्टरमधला पत्ता वाचायचा, तिथवर रन-टू-अ‍ॅड्रेस. नुसत्या पत्त्यावर थांबलं तर पॅरामीटरमध्ये कचरा दिसतो, तेव्हा प्रोलॉगचे (फंक्शनच्या सुरुवातीच्या तयारीच्या कोडचे) बाइट त्यात मिळवले. कन्सोलवर हे झकास चालतं.

पण मुलं व्हीएस कोड एडिटर वापरतात, आणि तिथलं बटण एलएलडीबीचा साधा स्टेप इनच बोलावतं. एलएलडीबी-डॅपचा (व्हीएस कोडला एलएलडीबीशी जोडणाऱ्या प्रोग्रामचा) कोड न बदलता ते बटण माझ्या प्लॅनकडे वळवता येईल का? की प्रत्येक फंक्शनमागे एक स्टब (खऱ्या फंक्शनकडे नेणारं छोटं मधलं फंक्शन) काढून त्याला ड्वार्फ या डीबग-माहितीच्या फॉरमॅटमधलं ट्रॅम्पोलिन अ‍ॅट्रिब्यूट ('हे नुसतं मधलं फंक्शन' अशी खूण) लावणं बरं? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, कोड इथंच टाकतो.