फी नाही, फंडिंगचा प्रकार बघा

क्राउडफंडिंगसाठी (म्हणजे माल बनवण्याआधीच ऑनलाइन लोकांकडून पैसे गोळा करायला) साइट निवडताना काही जण म्हणतात की फी सगळीकडे साधारण सारखीच, मग जिथे गर्दी जास्त तिथेच कॅम्पेन टाका. फीचं ठीक आहे, किकस्टार्टर ही साइट जमलेल्या पैशाच्या ५ टक्के घेते आणि पेमेंट प्रोसेसिंगचे वेगळे, पण खरा फरक टार्गेट पूर्ण झालं नाही तर काय होतं यात आहे. किकस्टार्टरवर टार्गेट गाठलं नाही तर कुणाच्याच कार्डातून पैसे कापले जात नाहीत, विषय संपला. इंडीगोगो या दुसऱ्या साइटने फ्लेक्सिबल फंडिंग लोकप्रिय केलं, त्यात टार्गेट गाठलं नाही तरी जमले तेवढे पैसे मिळतात, ऐकायला भारी वाटतं, आम्ही त्याच मोहात पडलो (साइट कुठली ते जाऊ दे) आणि टार्गेटच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात अडकलो. माल बनवायच्या साच्याचा खर्च निघेना, पण पैसे दिलेल्यांच्या ऑर्डरी मात्र गळ्यात, शेवटी घरचे पैसे घालून माल पाठवला.

अजून एक, हार्डवेअर असेल तर किकस्टार्टरला चालणारा प्रोटोटाइप (नमुना) लागतो, २०१२ पासून नुसते गुळगुळीत थ्रीडी रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं) चालत नाहीत. आणि कॅम्पेन संपल्यावर काही कार्डं फेल होतातच, त्या लोकांना ७ दिवस मिळतात, नाही भरले तर ते गळतात. टार्गेट ठरवताना तेवढी गळती धरूनच आकडा टाका.