'गमत्या'चं आदरार्थी रूप काय?

शेंडेफळ
आजोबांच्या आठवणींची घरगुती पुस्तिका काढतोय. पहिलं पान माझ्याकडे. रडकं काही लिहायचं नाही, ही आजीची सक्त ताकीद. पण पहिल्याच वाक्याला गाडी अडली. 'आमचे आजोबा फार हौशी होते' असं लिहिलं, तर काका म्हणाले, हौशी म्हणजे ज्याला धड जमत नाही तो. हौशी नट, हौशी गायक वगैरे. आतेभावाने 'रंगेल' सुचवला. आजीने ज्या नजरेने त्याच्याकडे बघितलं त्यावरून तो शब्द बाद. तिचा स्वतःचा शब्द 'गमत्या'. मला तोच हवाय. पण 'आजोबा गमत्या होते' कानाला टोचतं. मग 'गमते होते' म्हणायचं का?

कानामात्रा
नियमाने 'गमते'च व्हायला हवं. 'खुशमस्कऱ्या'चं 'खुशमस्करे' आपण बिनदिक्कत करतो. पण 'गमते' म्हटलं की जुन्या कवितेतलं 'मज गमते' आठवतं. आजोबांना काहीतरी वाटत होतं, असा अर्थ निघायचा. शिवाय हे सगळे शब्द सलगीचे, एकेरीतले. त्यांना अहोजाहोचा सदरा घातला की बाह्या लांब होतात.

वेलांटी
मिश्किल लिहा आणि मोकळे व्हा. लिंग-वचन कसलीच भानगड नाही.

शेंडेफळ
मिश्किल माणूस गालातल्या गालात हसतो. आमचे आजोबा तसे नव्हते. सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे आणि मधेच मनाची बातमी घुसवायचे. 'काल सायंकाळी एक मुलगी गृहपाठ न करता झोपी गेली. उशीखाली अर्धवट सोडवलेली गणिते सापडली असून तपास सुरू आहे.' आवाज तोच, चेहरा तोच. आजी आतून विचारायची, 'कुठली हो मुलगी?' ती खरंच फसायची की साथ द्यायची, हे तिने अजून सांगितलेलं नाही. याला मिश्किल कसं म्हणू?

पोटमाळा
हा तर अवलिया! वल्ली!
गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच घरचे. अरबीत 'वली' म्हणजे ईश्वराचा निकटवर्ती, संत. 'औलिया' हे त्याचं अनेकवचन. आपण ते एका माणसाला लावतो. म्हणजे 'अवलिया'त आदरार्थी बहुवचन आयतंच मिळालं की!

जुनाजाणता
अरबी शब्दावाचून आपल्या आजोबांचं वर्णन होत नाही, ही वेळ आली का? विनोदप्रिय, आनंदयात्री, हास्यरसिक हे शब्द काय वाईट आहेत?

पोटमाळा
आनंदयात्री प्रत्येक श्रद्धांजलीत असतो. ज्याने जन्मात कोणाकडे बघून हसू फोडलं नाही, तोही गेल्यावर आनंदयात्री होतो.
आणि बाहेरचे शब्द काढायला बसलात, तर आजोबांची सगळी करमणूकच जप्त होईल. मजा फारसी, मस्करी अरबी. मौज अरबी, मुळात अर्थ लाट. 'हौस' आली अरबी 'हवस'वरून. हिंदीत त्या हवसची पार वासना झाली, मराठीत ती सोज्वळ राहिली. उरली चेष्टा. ती संस्कृत खरी, पण तिथे अर्थ हालचाल, प्रयत्न. थट्टेचा अर्थ आपण चिकटवला. बोला, शुद्ध काय उरलं?

जुनाजाणता
विनोद उरला.

पोटमाळा
तोही मूळचा 'दूर सारणे' या अर्थाचा, वि अधिक नुद्. पण तो ठेवा तुम्हाला.

कानामात्रा
मूळ प्रश्नाकडे येऊ. शेंडेफळ, तुमची आजी बोलताना नेमकं काय म्हणते? पूर्ण वाक्य द्या.

शेंडेफळ
'गमत्या माणूस होते हो. लग्न झाल्यापासून मी त्यांना पुरे आता, पुरे आता म्हणत आले.'

कानामात्रा
मिळालं की उत्तर! 'गमत्या माणूस होते.' विशेषण माणसाला लागलं, म्हणून एकेरीत. क्रियापद त्यांना लागलं, म्हणून आदरार्थी. आजींनी सलगी आणि मान दोन्ही एका वाक्यात बसवलं.

जुनाजाणता
हे अशुद्ध आहे. 'माणूस होता' किंवा 'गृहस्थ होते'. मधलं काही नाही. बोलण्यात खपतं, छापण्यात नाही.

कानामात्रा
'ते आमचा आधार होते' हे छापता ना? तिथे 'आमचे आधार' करता का? कर्ता 'ते' आहे. 'आधार' काय, 'माणूस' काय, दोन्ही विधानपूरक, म्हणजे कर्ता कोण ते सांगून वाक्य पुरं करणारे शब्द.

जुनाजाणता
आधार हे भाववाचक. माणूस हाडामांसाचा. उदाहरण लागू नाही.

उपरा
मला वेगळंच विचारायचंय. शेंडेफळ, तुम्ही समोर आजोबांना अहोजाहो करत होता का? आमच्या घरी आजोबांना 'अरे आजोबा, तू ऐक ना' असंच चालायचं. ते गेल्यावर सगळे अचानक 'ते' म्हणायला लागले. मला तेव्हा कोणीतरी परकं गेल्यासारखं वाटलं होतं.

शेंडेफळ
आम्हीही तूच म्हणायचो. पण पुस्तिका नातेवाइकांत जाणार. काकांच्या मते 'आमचा आजोबा गमत्या होता' वाचून लोक म्हणतील, पोरांना वळण नाही.

उपरा
आजोबांनी लावलं असतं का ते वळण?

शेंडेफळ
त्यांनी त्याचीही बातमी केली असती.

वेलांटी
म्हणूनच म्हणते, मिश्किल. एकेरीतही चालतो, आदरार्थीतही.

जुनाजाणता
आधी नीट लिहा तरी. मिश्कील. 1962 च्या लेखननियमांप्रमाणे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, नसलेल्या अकारान्त शब्दात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, इकार दीर्घ.

वेलांटी
माझं टोपणनावच वेलांटी आहे. ती ऱ्हस्व की दीर्घ हे मी ठरवीन.

पोटमाळा
नियमाला तत्समच का वगळायचे? 'गणित' ऱ्हस्व आणि 'मिश्कील' दीर्घ, कानाला फरक कळतो का कोणाला?

जुनाजाणता
कळतो. त्यासाठी नवा धागा काढा.

पोटमाळा
काढतोच. शीर्षक काय देऊ, 'ऱ्हस्व' की 'र्‍हस्व'?