धर्मराज थापा : कवी की केवळ संकलक?

गिरिपथिक (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात येथील एका सदस्यांनी असे लिहिले की, नेपाळचे लोकगायक धर्मराज थापा हे कवी नव्हतेच, गंधर्व जातीच्या गायकांच्या तोंडची गाणी टिपून ती रेडिओवर म्हणणारे ते संकलक होते. दोन ओळींत एका माणसाचे आयुष्य निकालात काढण्याची ही पद्धत मला खटकली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

थापांचा जन्म 1924 साली पोखऱ्याजवळच्या बाटुलेचौर येथे झाला. सारंगी घेऊन दारोदार गाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंधर्वांचे हे गाव. त्या काळी काठमांडूच्या पंडितांना झ्याउरे हा लोकगीतांचा छंद ऐकण्याच्याही लायकीचा वाटत नसे, आणि महाकवी लक्ष्मीप्रसाद देवकोटांनी 1936 मध्ये त्याच छंदात ‘मुनामदन’ हे काव्य लिहिले तेव्हा त्यांनाही नाके मुरडलेली पाहावी लागली. अशा वातावरणात गंधर्व नसलेल्या एका तरुणाने ही गाणी शिकावीत, डोंगर पायी तुडवून आणखी गोळा करावीत, त्याच चालींवर स्वतःची रचना करावी आणि 1951 मध्ये सुरू झालेल्या रेडिओ नेपाळच्या सुरुवातीच्या काळातच ती देशभर पोहोचवावी, याला नुसते टिपून घेणे म्हणता येत नाही.

जुनी तबकडी
धागाकर्त्यांनी ‘गंधर्व नसलेला’ हे शब्द ओघात लिहून टाकले, परंतु सगळा प्रश्न त्याच दोन शब्दांत आहे. ‘जनकवी केशरी’ ही पदवी थापांना मिळाली. ज्यांच्याकडून ते शिकले, त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्याला सांगता येतील? त्याच बाटुलेचौरचे झलकमान गंधर्व 2003 मध्ये गेले. मरणाऱ्या सैनिकाने घरी धाडलेल्या निरोपाचे त्यांचे गाणे आजही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते, आणि तरीही येथे त्यांच्यावर एकही धागा निघालेला नाही. अस्पृश्यता कायद्याने संपली ती 1963 च्या मुलुकी ऐनात, म्हणजे नेपाळच्या नागरी संहितेत, आणि तीही बव्हंशी कागदावरच.

मी पोखऱ्यात तीन हिवाळे काढले आहेत. तळ्याकाठी पर्यटकांना सारंगी विकणाऱ्या एका वृद्धाने मला त्याच्या आजोबांचे म्हणून जे गाणे ऐकवले, तेच मी पूर्वी दुसऱ्याच्या नावावर ऐकले होते. 1966 च्या ‘माइतीघर’ या नेपाळी चित्रपटात नेपाळचे राजे महेंद्र यांनी एम. बी. बी. शाह या नावाने लिहिलेल्या शब्दांना जयदेव यांची चाल आणि आपल्या लताबाईंचा गळा मिळाला. राजा दोन ओळी लिहितो आणि गीतकार होतो, गंधर्व पिढ्यान्‌पिढ्या गातो आणि ‘पारंपरिक’ होतो.

दूरवासी
कवी की संकलक हे आपण ठरवा. माझा आक्षेप थापांच्या सत्यनिष्ठेवर आहे. 1953 मध्ये तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले तेव्हा त्यांनी तेनसिंगवर जे गाणे रचले, त्यात हिलरी जवळजवळ मागून ओढत आणलेला प्रवासी ठरतो. त्याच जूनमध्ये काठमांडूत बेशुद्ध हिलरीला दोराने वर खेचणाऱ्या तेनसिंगची चित्रे झळकली, आणि शेवटी दोघांना ‘जवळजवळ एकाच वेळी’ पोहोचल्याच्या निवेदनावर सह्या कराव्या लागल्या. स्वतः तेनसिंग यांनी 1955 च्या आत्मकथनात पहिले पाऊल हिलरीचे होते असे सांगून टाकले. मग कवीची जबाबदारी काय?

डफवाला
पोवाड्याला पंचनाम्याचे नियम लावणारे वाचक मी प्रथमच पाहत आहे. माझे आजोबा गावच्या जत्रेत डफावर उभे राहत, तेव्हा त्यांच्या पोवाड्यातला नायक एकटा शंभरांना लोळवीत असे, आणि समोर बसलेल्या कोणीही त्याचा पुरावा मागितला नाही. नेपाळमधली राणा घराण्याची राजवट जाऊन अवघी दोन वर्षे झाली होती. आपला एक माणूस जगाच्या माथ्यावर उभा राहिला हे त्या देशाला गाऊन सांगायचेच होते.

दूरवासी
‘आपला’ हा शब्दच वादग्रस्त आहे. तेनसिंग तेव्हा दार्जिलिंगचे रहिवासी होते, आणि भारत व नेपाळ दोघेही त्यांच्यावर हक्क सांगत होते. माझे मामा तेथे गिर्यारोहणाचे प्रशिक्षण घेऊन आले. तेनसिंगना नेपाळी म्हटलेले त्यांना आजही चालत नाही.

डफवाला
आपल्या मामांना न विचारता एका देशाने गाणे गायले, याबद्दल थापांच्या वतीने मी क्षमा मागतो.

जुनी तबकडी
शिखरावरून कृपया खाली उतरावे. माझ्या प्रश्नाला अद्याप कोणीही उत्तर दिलेले नाही.

गिरिपथिक
उत्तर देतो, आणि नाइलाजाने अर्धे आपल्या बाजूने देतो. थापांनी ‘गण्डकीका सुसेली’ हे पुस्तक लिहिले, हंसपुरे सुवेदी यांच्यासह ‘नेपाली लोकसाहित्यको विवेचना’ सिद्ध केले. म्हणजे दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे म्हणून नोंदवण्याची शिस्त त्यांना होती. परंतु तेनसिंगचे गाणे म्हणताच थापांचे नाव ओठांवर येते, आणि ज्यांच्या सारंगीवर त्यांचा कान घडला त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला आठवत नाही, हे आज लिहायला बसल्यावरच माझ्या लक्षात आले.

जुनी तबकडी
अर्ध्या कबुलीबद्दल आभारी आहे. उरलेली अर्धी झलकमान यांच्यावरील धाग्यात द्यावी; तो आपणच काढायचा आहे.