बेदगेलर्ट आणि आसपास: जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

उत्तर वेल्समध्ये ग्लासलिन आणि कोल्विन या दोन नद्यांच्या संगमावर बेदगेलर्ट वसलंय. दगडी पूल, पाटीच्या दगडाची काळपट छपरं, दोन-चार खाणावळी, एक चर्च, की संपलं गाव. तरी इंग्लंडातली आपली मंडळी शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली की तिकडे गाड्या वळवतात, आणि परत आल्यावर प्रत्येकजण वेगळंच काहीतरी सांगतो. कुणाला समाधी आठवते, कुणाला आगगाडी, कुणाला फक्त पाऊस. म्हणून हा धागा. हॉटेलांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय पाहिलं, काय पटलं, काय नाही पटलं ते लिहा.

निवृत्त शिक्षिका, पुणे

मुलीकडे मँचेस्टरला गेले होते, तेव्हा जावईबापू घेऊन गेले. नदीकाठाने सपाट वाट जाते, पुढे कुरणात झाडाखाली लोखंडी कठड्यात गेलर्ट कुत्र्याची समाधी. दोन शिळा आहेत, एक वेल्शमध्ये, एक इंग्रजीत. तेराव्या शतकातला राजा लेवेलिन शिकारीला गेला. परत आला तर गेलर्टच्या तोंडाला रक्त आणि बाळाचा पाळणा उपडा. राजाने तलवार खुपसली, कुत्रा विव्हळला, आणि त्या आवाजाने पाळण्याखालून बाळ रडलं. शेजारी लांडगा मरून पडलेला. राजा पुन्हा कधी हसला नाही म्हणे.

जावई इंग्रजी पाटी मोठ्याने वाचत होते आणि मी मनातल्या मनात पुढचं वाक्य आधीच म्हणत होते. ही तर आपली मुंगसाची गोष्ट! नातवाला मी ती कितीदा सांगितली असेल. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, मग यांचा साप कुठंय?" आमच्या पलीकडे उभ्या असलेल्या इंग्रज बाईंनी त्याच्याकडे चमकून पाहिलं.

जवळच एका पडक्या घरात कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पोरांचे हात फिरून फिरून त्याचं नाक चकचकीत झालंय.

बँगोरला शिकत होते, आता नाशिक

काकू, रसभंग करतेय, पण ती समाधी बनावट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड नावाचा गृहस्थ दक्षिण वेल्समधून येऊन इथल्या गोट हॉटेलचा मालक झाला. लोक यावेत, मुक्काम करावा म्हणून कुत्र्याची कथा त्याने गावाला चिकटवली आणि शिळाही उभी करवली. गावाचं नाव बहुधा कुणा जुन्या ख्रिस्ती संतावरून पडलंय. कुत्र्याचा संबंध नाही.

मला राग फसवणुकीचा येत नाही, दोनशे वर्षं झाली त्याला. राग येतो तो लोक समाधीपाशी फोटो काढून गाडीत बसतात आणि निघून जातात याचा. पाच मिनिटांवर नदी आहे, तिच्याकडे बघतही नाहीत. समाधीवरून पुढे आबरग्लासलिनच्या खिंडीकडे वाट जाते. तिथे फिशरमन्स पाथ म्हणून टप्पा आहे, अगदी पाण्यालगत, खडकाला धरून धरून जायचं. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला फेसाळतं पाणी. खिंडीच्या तोंडाशी पूल आहे. एकेकाळी भरतीचं पाणी तिथवर चढायचं आणि लहान गलबतंही यायची. मग विल्यम मॅडॉक्सने १८११ साली पोर्थमॅडॉगला खाडीवर मैलभर लांबीचा बांध घातला आणि समुद्र मागे हटला. आज त्या पुलावर उभं राहून खाली बघितलं तर खरं वाटत नाही.

धागाकर्ता

मध्येच लिहितो. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, मुंगसाला मारते ती आई, डोक्यावरची पाण्याची घागर घालून. हितोपदेशात बापाने मारलंय. फ्रान्समध्येही तेराव्या शतकात अशाच एका कुत्र्याला, गिनफोर्टला, खेडूत संत मानून नवस बोलायचे आणि चर्चला ते मुळीच खपत नव्हतं. तेव्हा प्रिचर्डसाहेबांनी गोष्ट रचली नाही, तिला फक्त पत्ता दिला. मला तरी त्यात गैर वाटत नाही. आपल्याकडे प्रत्येक डोंगरावर सीतेची न्हाणी आणि भीमाची काठी आहेच की.

नेरळकर, सध्या बर्मिंगहॅम

मी समाधी बघितलेली नाही आणि बघणारही नाही. मी गाडीसाठी गेलो होतो.

वेल्श हायलँड रेल्वे कारनारव्हनहून निघते, बेदगेलर्टवरून पोर्थमॅडॉगला जाते, २५ मैल. रुळांमधलं अंतर ५९७ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचं ६१०. म्हणजे बोटभराचाही फरक नाही! इंजिनं मात्र राक्षसी. गॅरट जातीची, दोन्ही टोकांना चाकांचे संच आणि मध्ये बॉयलर. मूळची दक्षिण आफ्रिकेत धावलेली, तिथून आणून दुरुस्त केलेली. ही लाइन १९३०च्या दशकात बंद पडली होती, रूळही उखडले होते. हौशी मंडळींनी तुकड्या-तुकड्याने पुन्हा घातली आणि २०११ साली पोर्थमॅडॉगपर्यंत सलग गाडी सुरू झाली. डब्यात तपासनीस, चहा देणारे, बरेचसे स्वयंसेवक.

कारनारव्हनकडून येताना बेदगेलर्टच्या आधी गाडी डोंगरावरून नागमोडी उतरते. खिडकीतून बघावं तर आपलेच पुढचे डबे उलट्या दिशेला चाललेले दिसतात. गाव सोडलं की खिंडीतले बोगदे. खिडकी उघडी ठेवली होती, कोळशाचा धूर थेट नाकात. बायको वैतागली, मी नेरळ स्टेशनवर पोहोचलो.

ट्रेकर, ठाणे आणि लंडन

गावातून नांट ग्विनांटच्या खोऱ्यात वर गेलात की वॉटकिन पाथ सुरू होतो. स्नोडनवर, म्हणजे वेल्समधल्या सगळ्यात उंच शिखरावर (वेल्शमध्ये 'अर विदवा'), जाणाऱ्या वाटांत सगळ्यात जास्त चढाई हिची, हजार मीटरहून अधिक. शिखर १०८५ मीटर. आकडा ऐकून सह्याद्रीवाले हसतात, मीही हसलो होतो. पण सुरुवात जवळपास समुद्रसपाटीपासून आहे, आणि शेवटचा टप्पा घसाऱ्याचा. एक पाऊल वर, अर्धं खाली. वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. खालच्या टप्प्यात धबधबे आणि हिरवट निळे डोह आहेत. फक्त तिथवर जाऊन आलात तरी पैसे वसूल.

वाटेत ग्लॅडस्टनचा खडक लागतो. ब्रिटनचा पंतप्रधान असताना, वयाच्या ८२व्या वर्षी, १८९२ साली त्याने या खडकावरून भाषण करून वाटेचं उद्घाटन केलं.

आणखी वर रस्ता पेन-अ-ग्विरिड हॉटेलपाशी निघतो. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतल्या मंडळींनी सरावासाठी इथे मुक्काम ठोकला होता. छतावर त्यांच्या सह्या आहेत, तेनसिंगचीही आहे. मान वर करून शोधत बसलो. गिर्यारोहण करणाऱ्याला हे देवळात गेल्यासारखंच.

नर्स, ग्विनेड

मी इथेच राहते, म्हणून दुसरी बाजू सांगते. तुम्हाला जे चित्रातलं गाव वाटतं तिथे लोकांना घर परवडत नाही. बाहेरचे येऊन सुट्टीपुरती घरं घेतात. वर्षातले बरेच महिने खिडक्या अंधारात. इथल्या ग्विनेड जिल्ह्याच्या कौन्सिलने २०२३पासून दुसऱ्या घरांवर दीडशे टक्के जादा कर लावलाय तो उगाच नाही.

२०२१च्या जनगणनेत ग्विनेडमधल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं नोंदवलं. वॉर्डातल्या म्हाताऱ्या पेशंट औषधाच्या गुंगीत इंग्रजी विसरतात आणि वेल्शमध्ये हाका मारतात. सुरुवातीला मी नुसती हात धरून बसायचे. आता 'पाणी हवं का', 'दुखतंय का' एवढं येतं. दुकानात तुम्ही नुसतं 'दिओल्ख' म्हणा, म्हणजे धन्यवाद, आणि समोरच्याचा चेहरा बघा.

वसंतात दरीत जांभळ्या फुलांचे मळे दिसतात, ते ऱ्होडोडेंड्रॉन. फोटो सगळे काढतात. ते मूळचं इथलं नाही, त्याच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते तोडण्याचं काम चालू आहे. आणि वस्तीत गाडी ताशी २० मैलांनी चालवा. २०२३च्या सप्टेंबरपासून वेल्सभर तोच नियम आहे, फक्त काही रस्ते सोडलेत. इंग्लंडहून आलेल्यांना दंडाची पाकिटं घरी पोहोचली की आठवतं.

सावंतवाडीकर

पाऊस पाऊस काय करता! बाजूच्या क्रिब गोख या डोंगरावर वर्षाला साडेचार मीटरच्या आसपास पडतो म्हणतात. आंबोलीला या. मला डिनास एमरिस आवडलं. गावापासून जवळच झाडीत लपलेली टेकडी. राजा व्हॉर्टिगर्न तिथे किल्ला बांधायचा आणि रात्री तो ढासळायचा. एका पोराने सांगितलं, खाली तळं आहे, त्यात लाल आणि पांढरा ड्रॅगन झुंजतायत. लाल जिंकला, तोच आज वेल्सच्या झेंड्यावर. उत्खननात टेकडीवर खरंच तळं सापडलं. वर चिटपाखरू नव्हतं. गर्दी सगळी खाली आइस्क्रीमच्या रांगेत.

शाकाहारी, लेस्टर

ग्लॅमॉर्गन सॉसेज बिनधास्त मागवा. नाव सॉसेज, आत चीज आणि लीक. सोबत 'बारा ब्रिथ', म्हणजे चहात भिजवलेल्या सुक्या मेव्याचा पाव, लोणी लावून.

विचारणा, रेडिंग

सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना सिगनची तांब्याची खाण बघायचीय म्हणतात. जमेल?

बँगोरला शिकत होते, आता नाशिक

नको. आत चढ-उताराच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, जमीन ओली आणि छत कमी उंचीचं. फिशरमन्स पाथवरही अजिबात नेऊ नका. कारनारव्हनहून गाडीने आणा, गावात उतरा, समाधीपर्यंतची वाट सपाट आहे. एप्रिल ते ऑगस्टमध्ये येणार असाल तर पोर्थमॅडॉगच्या अलीकडे पोन्ट क्रोएसरला थांबा, ऑस्प्रे या मासेमार शिकारी पक्ष्याचं घरटं दुर्बिणीतून बसल्या जागी बघता येतं. हिवाळ्यात गाड्या फार थोड्या दिवशी सुटतात, तेव्हा वेळापत्रक बघूनच सुट्टी टाका.