मला लसावि येतो, मुलीच्या पुस्तकात एलसीएम आहे. अभ्यास कसा घ्यायचा?

बार्शीची आई:
नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. पाचवीपर्यंत सगळं मराठीत होतं, यंदा सेमीला घातलं, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. माझी दहावी मराठीतूनच झाली. पाचवीपर्यंत तिचा अभ्यास मीच घ्यायचे. आता ती विचारते, "आई, डिनॉमिनेटर म्हणजे गं काय?" आणि मी गप्प बसते. क्लासचे महिना ८०० रुपये सध्या झेपणारे नाहीत. फोन घरात एकच, तो हे साडेसातला कामावरून आले की मिळतो. मग यूट्यूबवर काहीतरी लावून देते. ती मान डोलावत बघते, वहीत मात्र चुकतं. काल ३/४ + १/६ चं उत्तर तिनं ४/१० लिहिलं. चुकलंय एवढं मला कळलं, का चुकलं ते सांगता येईना. मी रागावले, ती रडली. त्यातून धाकटा दुसरीत आहे, अजून अडखळत वाचतो. नेमकं काय बघावं, कुणी सांगाल का?

एसटीवाला बाबा, चिपळूण:
ताई, दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच चाललं होतं. मी एसटीत वाहक आहे, माझंही शिक्षण मराठीतून. आधी एक करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. तिथून सहावीचं *मराठी माध्यमाचं* गणित उतरवून घ्या आणि तिच्या इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवा. पुस्तक तेच आहे! धडे त्याच क्रमानं, उदाहरणंही तीच. तिच्याकडं प्रॅक्टिस सेट, तुमच्याकडं सरावसंच. हे कळलं त्या रात्री मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. तोवर मला वाटायचं, पोराचं गणित आपल्या हातातून गेलं.

फोन थोडाच वेळ मिळतो ना, मग चालू असलेल्या धड्याची पानं झेरॉक्स करून आणा. वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहायला लावा: न्यूमरेटर – अंश, डिनॉमिनेटर – छेद, इंटिजर – पूर्णांक, एलसीएम – लसावि (लघुतम साधारण विभाज्य). आमच्या मुलानं दिवाळीपर्यंत दोन पानं भरली.

आता ते ४/१०. तिनं वरचे वर मिळवले, खालचे खाली. आमच्यानंही हेच केलं होतं. रागावू नका, भाकरी घ्या. ३/४ म्हणजे पाऊण भाकरी ताटात आहे. वर आणखी एक तुकडा वाढला. मग विचारा, ४/१० म्हणजे अर्ध्याहूनही कमी, वाढल्यावर भाकरी कमी कशी होईल? तिला स्वतःला उत्तर खटकलं पाहिजे. मग चौकटीच्या वहीत १२ चौकटींची पट्टी आखा. पाऊण म्हणजे ९ चौकटी, सहावा भाग म्हणजे २. झाल्या ११, उत्तर ११/१२. बाराच का घेतल्या, तर ४ आणि ६ यांचा लसावि १२. तो तर तुम्हाला येतोच.

झेडपी शिक्षिका:
दादांनी सांगितलेलं अगदी बरोबर. माझी थोडी भर. मुलगी अडलीय ती सममूल्य अपूर्णांकात, म्हणजे ३/४ आणि ९/१२ एकच आहेत हे ओळखण्यात. पाचवीचं पुस्तक काढा आणि चार दिवस तेवढंच करा, मागं गेलो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं, शोधत बसावं लागत नाही. आणि व्हिडिओ सलग बघू देऊ नका. शिकवणाऱ्यानं फळ्यावर उदाहरण मांडलं की थांबवा, तिला वहीत सोडवू द्या, मगच पुढचं बघा. नुसतं बघताना सगळ्यांनाच सोपं वाटतं.

वसईहून:
धाकट्यासाठी स्टोरीवीव्हर ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट उघडा. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलंय, फुकट आहे. मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत एका पानावर एखाद-दुसरं वाक्य आणि मोठं चित्र. पीडीएफ उतरवता येते, नेट नसलं तरी वाचता येतं. मोठ्या मुलीला 'किशोर' मासिकाचे जुने अंकही दाखवा, १९७१ पासून निघतंय. बालभारतीनंच ते ऑनलाइन ठेवलेत.

बार्शीची आई:
दादा, बाई, वसईचे भाऊ, मनापासून आभार. काल रात्री भाकरी खरोखर मोडली. ती बराच वेळ ताटाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "आई, उत्तर पाऊणच्या पुढंच यायला पाहिजे ना?" पट्टी तिनंच आखली. आज सकाळी शाळेत जायच्या आधी वजाबाकीची दोन उदाहरणं सोडवली, दोन्ही बरोबर. मराठी पुस्तकातली धड्याची पानं ह्यांनी येताना झेरॉक्स करून आणलीत. दशांशाला अडलं की परत विचारीन.