मदत हवी आहे : कीबोर्डचा 'ए' दरवेळी आधी का जातो?

मंडळी,

कीबोर्ड बदलायची वेळ आली आहे, तर या खेपेला घेण्याआधी चौकशी करावी म्हणतो. काम अनुवादाचं, म्हणजे दिवसभर बोटं चालू. आजवर साधे मेंब्रेनचेच (बटणांखाली रबराचा पडदा असलेले) कीबोर्ड वापरत आलोय. तक्रार अशी की अख्खा कीबोर्ड कधी जात नाही, जातो तो 'ए' (इंग्रजी A). वरची एफ-बटणं कोरी करकरीत असतात आणि एका बटणापायी सगळं भंगारात.

आधी अक्षर पुसलं जातं. ते चालतं, मी कुठे बघून टंकतो? मग बटण मऊ पडतं, दाबलं की वर यायला कंटाळा करतं. शेवटी कडेवर बोट पडलं तर उमटतच नाही, आणि 'मला'चं 'म्ला' होतं. स्पेसबारवरही उजव्या अंगठ्याच्या जागी तेवढाच चकचकीत डाग पडलाय. डावी बाजू अजून खरखरीत.

घरच्यांचं मत, मी बटणं बडवतो. असेलही. पण मला संशय माझ्या फोनेटिक टंकण्याचा आहे. 'मला मदत हवी आहे' एवढंच रोमन अक्षरांत टंकून पाहा : malaa madata havee aahe असं नाही का होत? म्हणजे 20 अक्षरांत 9 वेळा 'ए'. मेंब्रेनच्या बटणाला साधारण 50 लाख ते 1 कोटी दाबांचं आयुष्य सांगतात, आणि तो आकडा एकेका बटणाचा असतो. समजा दिवसाला 20,000 दाब आणि त्यातला तिसरा हिस्सा 'ए'चा. 300 दिवसांत 20 लाख झाले. अडीच वर्षांत 50 लाख संपले की हो!

तर जाणकारांनी सांगावं : हळू टंकून फरक पडतो का? मेकॅनिकल (प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असलेला) घेतला तर हे दुखणं जाईल, की नुसता खडखडाट वाढेल?

प्रतिसाद

हिशोब बरोबर आहे, पण 50 लाख म्हणजे एक्सपायरी डेट नव्हे. धूळ, सांडलेला चहा, नखं, सगळं त्यात भर घालतं.

जोराचं म्हणाल तर दोष पूर्ण तुमचा नाही. मेंब्रेनमध्ये रबराची वाटी दबून खालचे दोन थर एकमेकांना टेकले तरच अक्षर उमटतं, म्हणून बटण तळाला नेण्याची सवय लागते. मेकॅनिकलमध्ये तसं नाही. चेरी कंपनीचा एमएक्स रेड स्विच घ्या : एकूण प्रवास 4 मिमी, पण अक्षर 2 मिमीवरच उमटतं. तळ गाठायची गरजच नाही. हात हलका व्हायला मात्र वेळ लागतो. सुरुवातीला सगळेच ठोकतात, आणि शेजारच्यांना ते ऐकू येतं.

प्रतिसाद

मेकॅनिकल अमर नसतो हो. चेरीच्या एमएक्सला पूर्वी 5 कोटी दाब सांगायचे, आता काही प्रकारांना 10 कोटी सांगतात. पण तो बिघडतो उलट्या बाजूने. आतले धातूचे संपर्क खराब झाले की एका दाबात अक्षर दोनदा उमटतं. याला चॅटर म्हणतात. मेंब्रेनवर तुमचं 'म्ला' झालं, इथे 'माला' होईल. :)

म्हणून हॉट-स्वॅप बघूनच घ्या. त्यात स्विच सोल्डर केलेले नसतात, चिमट्याने ओढून निघतात. 'ए' कुरकुरला की स्क्रोल लॉकचा स्विच तिथे बसवायचा. त्या बटणाला नाहीतरी आयुष्यात कोण हात लावतं?

कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या घ्या. एबीएस प्लास्टिक लवकर गुळगुळीत होतं. डबल-शॉट असतील तर अक्षर वेगळ्या प्लास्टिकचं, आरपार ओतलेलं असतं. पुसलं जाण्याचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद

कीबोर्ड कशाला बदलता, टंकायची पद्धत बदला. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत 'क' म्हणजे क, त्यातला अ वेगळा दाबावा लागत नाही. तुमचं तेच वाक्य 12 दाबांत होतं (स्पेस सोडून, आणि 'आ'ला शिफ्ट), आणि कुठलंही अक्षर-बटण दोनदाच्या वर लागत नाही. फोनेटिकमध्ये हा सगळा भार डाव्या करंगळीवर येतो. बटणाचं सोडा, करंगळी दुखत नाही का?

धागाकर्ता

दुखते. विषय काढलात म्हणून कबूल करतो. पण हातात काम असताना इनस्क्रिप्ट शिकायचं म्हणजे वेग पार बसणार, ते आत्ता परवडणारं नाही. तूर्त हॉट-स्वॅपच बघतो. तो चिमटा सोबत मिळतो का? आणि चालू कीबोर्डवर स्विच बदलला तर चालतं?

प्रतिसाद

चिमटा बहुतेक वेळा खोक्यातच असतो. केबल काढूनच बदला. बसवण्याआधी स्विचचे दोन्ही तांब्याचे पाय सरळ आहेत ना ते उजेडात बघा आणि बोटाने सरळ खाली दाबा. तिरका घातला की एक पाय दुमडतो, आणि मग नवाकोरा स्विचही मुका राहतो.